सुया ओढणारी कुऱ्हाड

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

कडुबा सोनं न देताच दारातून माघारी गेला. बरं झालं! आपट्याची चार पानं, ती पण किडकी.

झालं असं. लोखंड पूजेला मांडलं होतं. विळे, लोकर कातरायच्या कातऱ्या, सुरी, माझं दाभण. सून अंबिकेनं गोठ्यातून माझ्या लेकाची, सोनाजीची कुऱ्हाड काढली, धुतली अन् उंबऱ्याच्या बाहेर ठेवली. बाहेरच. आत आणायची सोय नाय. कडुबा माझा चुलत दीर, भावकीत थोरला. कुऱ्हाड बघितली अन् म्हणला, "वहिनी, ज्याला टाक नाय त्याच्या लोखंडाला हळद कशाला?"

मी म्हणलं, "भावजी, हळद माझ्या घरची, दुखतंय तुमचं का?"

सून माझी कधीच बोलत नाय. तिनं कुऱ्हाडीवरचं पाणी पदरानं टिपलं.

माझ्या मालकांचा टाक हाय. सासऱ्याचा हाय. चांदीच्या बोटभर पत्र्यावर कोरून खंडोबाच्या शेजारी बसलेत, सणाला नैवेद्य खातात. माझ्या सोनाजीचा नाय. त्यानं जीव दिला म्हणे. जीव देणाऱ्याला देवात जागा नाय. यंदा चंपाषष्ठीला भावकी सगळे टाक नव्यानं घडवून बसवणार. एकदा बसले की बारा वर्षं कुणी हात लावत नाय. बारा वर्षं कोण जगतंय इथं!

अकरा वर्षं झाली. परतीचा पाऊस होता, आभाळ नुसतं फुटत होतं. दुसऱ्या दिवशी सोनाजी डोंगरावरच्या काळ्या दगडापाशी सापडला. अंगावर ओरखडा नाय. शेजारी कुऱ्हाड, अन् मेंढरांच्या जंताच्या औषधाची रिकामी बाटली. आदल्या सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालेलं, अख्ख्या आळीनं ऐकलेलं. झालं! अंबिका म्हणली, बाटली आधीच रिकामी होती, आठवडाभर मेंढरांना पाजत होतो. कोण ऐकतंय. मी म्हणलं, वीज पडली असंल. कडुबा म्हणला, "वीज पडती तर मेंढरं मरती. मेंढरं तर खाली लिंबाखाली रवंथ करत्यात." पोलीस नकोत म्हणून दुपारच्या आत जाळला.

तेव्हापासून बाया अंबिकेच्या हातचा चहा पितात, तोंडाकडं बघत नाय.

संध्याकाळी नातीनं पुण्याहून फोनवर फोटो धाडला. अमृता, सोनाजीची पोर. ग्रहांच्या पोटातलं चुंबक शिकती. असलं पण शिकवतात! फोटो लडाखचा. परवाचं आभाळ. शेंदूर कालवल्यासारखं लाल, खाली काळे डोंगर. आग नाय, दिवा नाय. पोरगी लिहिती, "आज्जे, हे खरं हाय."

मला आवडलं नाय. आभाळानं असं दिसू नये.

१३ ऑक्टोबर

सुई लावली. ओढली. हाय.

१९ ऑक्टोबर

सुईचं लिहूनच टाकते. कागद काय भावकीत सांगायला जाणार नाय.

सोनाजी गेल्यावर महिन्याभरात मी गोठ्यात वाकळ शिवत होते. सुई हातातून निसटली. कडब्यात शोध शोध शोधली. सापडली कुठं? भिंतीला टेकवलेल्या त्याच्या कुऱ्हाडीवर. पात्याला उभी चिकटलेली! काढली, पुन्हा जवळ नेली — हातातून ओढून घेतली. दुसऱ्या कुठल्या लोखंडाला असं नाय. विळ्याला लावून बघितली, कातरीला लावून बघितली.

कडुबाच्या बायकोला सांगितलं, ती चूक. सांजपर्यंत गावभर, सोनाजी कुऱ्हाडीत अडकलाय. ज्यानं जीव दिला तो असाच अडकतो. लिंबू बांधा, लाल फडक्यात गुंडाळा, घरात घेऊ नका. बांधलं. गुंडाळलं. गोठ्यात आढ्याला टांगली.

मला रडायची सवय नाय. पण रोज सकाळी शेण काढायच्या आधी फडकं बाजूला सारते अन् सुई लावते. ओढती. मग कामाला लागते. अंबिकेला ठाऊक नाय.

२९ ऑक्टोबर

अमृता आली. वाळली पार. पिशवीत कपडे कमी, डब्या जास्ती. एका डबीत काचेखाली काटा थरथरतोय. होकायंत्र म्हणे.

कडुबानं ओट्यावरूनच हाक मारली, "काय गं, मंगळाचं शिकतीस म्हणे? लग्नात मंगळच आडवा येईल बघ!"

पोरगी म्हणली, "आजोबा, मंगळाला स्वतःचंच धड नाय, तो माझ्या लग्नात कुठून येतो?"

माझ्यावर गेलीय.

३० ऑक्टोबर

शंकरपाळ्या तळता तळता ते लाल आभाळाचं विचारलं. मनातून जात नव्हतं.

"सूर्य नुसता उजेड देत नाय आज्जे, शिंतोडे पण उडवतो."

"थुंकतो?"

"तसंच धर. विजेनं भरलेले बारीक बारीक कण. वाऱ्यासारखे सुटतात. कधीमधी तुफान येतं, मग लई सुटतात."

"मग आपल्या डोक्यावर का नाय पडत?"

तिनं झारा खाली ठेवला. म्हणली, "तू मेंढरांना रात्री वाघूर लावतीस ना, जाळ्याचं कुंपण? पृथ्वीला तसंच हाय. पोटात लोखंड वितळून खळखळतंय, त्यानं पृथ्वीचं चुंबक झालंय. ते चुंबक कणांना बाहेरच वळवतं. पण वाघरीच्या दोऱ्या दोन्ही टोकांना खाली उतरतात, उत्तरेला अन् दक्षिणेला. काही कण त्या दोऱ्या धरून उतरतात, हवेवर आपटतात, अन् हवा उजळती. खाली हिरवी, लई उंचावर लाल. तुफान मोठं असलं की उजेड टोक सोडून अलीकडं सरकतो. लडाखवाल्यांना लांबून नुसता वरचा लाल शेंडा दिसला."

किल्ल्यासारखं. एसटीतून येताना आधी दौलताबादचा शेंडाच दिसतो.

"अन् बाकीच्या ग्रहांना?"

मग काय, पोरगी सुटलीच! बुधाला चुंबक हाय, पण हवा नाय. कण येऊन आपटणार कशावर? नुसत्या दगडावर. शुक्राला हवा दांडगी, पण पोटचं चुंबक नाय. उजेड असला तर कुठंबी, ठिगळं ठिगळं. गुरूचं चुंबक सगळ्यात जबर. वर त्याचा एक चंद्र सारखी आग ओकतो, त्याचाच धूर गुरूच्या वाघरीत सापडतो अन् टोकांवर कोसळतो. तिथले उजेड आपल्या अख्ख्या पृथ्वीपेक्षा मोठे. विझतच नाय. बघायला कुणी नाय, तरी जळतात.

"मंगळ?"

तिनं आवाज खाली आणला. का, कुणास ठाऊक.

"मंगळाचं पोट थंड झालं आज्जे. चुंबक मेलं. लई लई जुनी गोष्ट. पण चुंबक जित्तं होतं तेव्हा जे दगड तापून निवले, त्यांनी ते धरून ठेवलं. तापलेला दगड निवताना जे चुंबक भोवती असतं ते पकडतो, मग सोडत नाय. आज मंगळावर वाघूर नाय, पण त्या जुन्या दगडांच्या वरच तेवढे उजेड लोंबतात. बाकी आभाळ काळं."

तेल जळालं. शंकरपाळ्या काळ्या झाल्या. दोघींनी बघितलंच नाय.

चुंबक मेलं, अन् दगडाला ठाऊक नाय!

२ नोव्हेंबर, पाडवा

मेंढरं रंगवली, ओवाळली, पळवली. मग अमृता म्हणली, डोंगरावर जाऊ. अंबिका कधी जात नाय तिकडं. आज आली. गुडघे माझेच बोंबलत होते.

काळा दगड हाय तसाच. बसायजोगा, अंगाला गार. कुत्रं आमच्या संगं टेकडी चढलं, पण दगडापासून काही अंतरावर थांबलं अन् बसलं. मेंढरं पण तिथलं गवत खात नाय. गुडघ्याएवढं वाढलंय.

अमृतानं डबी उघडली. काटा उत्तरेला. किल्ल्याच्या मागं उत्तर, ते मला पण कळतं. दोन पावलं पुढं गेली — काटा फिरला. पश्चिम. आणखी पुढं — उलटा! दगडाभोवती चालत गेली तसा काटा गोल गोल. जणू दगडाच्या आतून कुणी तिच्या बरोबरीनं चालतंय अन् काटा त्याच्याकडं बघतोय.

पोरीनं डबी मिटली. म्हणली, "आई, इथं वीज पडलीय."

अंबिका गवतातून दगडापाशी सरकली.

"वीज दगडातून गेली की त्याचं चुंबक होतं. आपले काळे दगड सगळे थोडेफार धरतात, पण असं नाय. असा काटा फिरला म्हणजे वीज."

मी म्हणलं, "चला कडुबाकडं!"

"थांब आज्जे." अन् पोरगी रडकुंडीला आली. "दगड तारीख सांगत नाय. ही वीज अकरा वर्षांपूर्वीची असंल, नायतर हजार वर्षांपूर्वीची. आजोबा हेच विचारतील, मला उत्तर नाय."

शिकून काय उपयोग मग! तोंडावर बोलले. नको होतं बोलायला.

उतरताना अंबिका मागं राहिली. वळून बघितलं तर दगडावर तळहात टेकून उभी. तापलेलं कपाळ बघावं तसा.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आज जे झालं ते सरळ लिहिते, नायतर गुंता होईल.

अमृता मला बोलवायला गोठ्यात आली. डबी गळ्यात. माझी पाठ होती, मी सुई लावत होते. ती दारातच थांबली. म्हणली, "आज्जे, तू काय करतीस?"

"काय नाय."

"काटा तुझ्याकडं वळलाय."

काटा माझ्याकडं नाय, आढ्याकडं वळला होता. लाल फडक्याकडं. पोरगी पुढं आली तसा थरथर थरथर. माझ्या हातात सुई, तोंड चोरासारखं. सांगावं लागलं. अकरा वर्षांचं सगळं.

वाटलं हसंल. हसली नाय. फडकं सोडलं, लिंबू टाकलं, पात्यावर सुई ठेवली. सुई उभी राहिली. दुसरी लावली. दाभण लावलं — ते पण!

"घरात चुंबक होतं कधी? रेडिओ? स्पीकर?"

"गोठ्यात आजपण लाईट नाय बाई."

तेवढ्यात अंबिका धारेची चरवी घेऊन आली. तिनं सुया बघितल्या. घाबरली नाय. म्हणली, "आत्याबाई, तुमचं पण माहीत हाय मला. रोज सकाळचं."

अगं बया!

अमृतानं विचारलं, "आई, ही कुऱ्हाड किती जुनी?"

"जुनी. पण त्या दिवशी नवी झाली होती."

"म्हणजे?"

अन् अंबिका बोलली. अकरा वर्षांचं एकदम. भांडण कशावरून झालं होतं? कुऱ्हाडीवरून! धार गेलेली, फांद्या तुटत नव्हत्या, मेंढरं उपाशी. ती म्हणली, कुऱ्हाड बोथट अन् माणूसबी बोथट. ते गावानं ऐकलं. तो चिडून उठला, तसाच गावाबाहेर उतरलेल्या घिसाड्याच्या पालावर गेला. तापवून, ठोकून, पाणी पाजून आणली. दारात उभा राहून तिला धार दाखवली, म्हणला, "बघ, आता कोण बोथट?" हसत होता. तिथून थेट मेंढरं घेऊन डोंगरावर.

"लाल तापवली होती?" अमृतानं विचारलं.

"लाल? भट्टीतून काढली तेव्हा इंगळ होती म्हणला."

अमृता शेणातच खाली बसली. म्हणली, "आज्जे, लोखंड लाल तापलं की सगळं विसरतं. आधीचं काही राहत नाय. कोरं होतं. त्या सकाळी ही कुऱ्हाड कोरी होती. हिच्यात जे चुंबक हाय, ते त्या सकाळनंतरचं हाय."

दगडाला तारीख नाय. कुऱ्हाडीला हाय.

लिंबू बांधून, फडक्यात गुंडाळून, भिऊन भिऊन आम्ही त्याची साक्ष टांगून ठेवली होती.

४ नोव्हेंबर

सुई लावली. आज अंबिकेच्या देखत. ओढली.

६ नोव्हेंबर

भावकीचे चार म्हातारे कडुबाच्या ओट्यावर. कुऱ्हाड मधे. सुया पात्यावर उभ्या बघून एक जण तर मागंच सरकला.

अमृतानं सगळं सांगितलं. कडुबा ऐकून घेतो, मान हलवतो, शेवटी वकिलागत म्हणतो, "पोरी, घिसाडी ठोकतो, गार पाण्यात बुडवतो. त्यानंच लोखंडाला असं होत असंल. तुझ्या पुस्तकात काय, माझ्या डोळ्यांदेखत पाहिजे."

पोरगी अडखळली. "थोडं होतं आजोबा, पण इतकं —"

"मग! होतं ना?"

अन् अंबिका उठली. भावकीपुढं कधी तोंड न उघडलेली बाई. डोक्यावरचा पदर नीट केला अन् म्हणली, "मामंजी, त्या दिवशी घिसाड्याकडं तुम्ही होता. तुमच्या नांगराचा फाळ आधी झाला, मग आमची कुऱ्हाड. हे घरी येऊन म्हणले होते, कडुबाकाकांनी लई वेळ घालवला."

कडुबा पटका सारखा करायला लागला.

मी म्हणलं, "आणा की फाळ! एकच घिसाडी, एकच भट्टी, एकच पाणी. ट्रॅक्टर आल्यापासून पडूनच हाय तुमचा."

त्यानं आणला. नाय म्हणायचं कसं, सगळे बघतात. गंजलेला, कोळ्याची जाळी लागलेला. अमृतानं पुसून सुई लावली. खाली पडली. दुसरीकडून लावली. पडली. म्हणली, "आजोबा, तुम्ही लावा." कडुबानं लावली. पडली. मग त्यानं तीच सुई कुऱ्हाडीजवळ नेली. बोटांतून सुटली अन् टक् करून बसली.

म्हातारे वाकून पात्याकडं बघायला लागले.

"वीज..." कडुबा म्हणला. मग मेंढरांचं पण स्वतःच बोलला, "मेंढरं खाली होती. हा एकटा वर. मरणार कशी ती."

अकरा वर्षांनी सुचलं शहाण्याला!

अंबिकेनं सुया वेचल्या. घरी आल्यावर चुलीपुढं बसली अन् असा आवाज काढला, की मी दार लावून घेतलं.

१७ नोव्हेंबर

अमृता गेली. डबी माझ्यापाशी ठेवून गेली.

सांजच्याला एकटीच डोंगरावर गेले. कशाला, ठाऊक नाय. डबी उघडली. काटा फिरला, थांबला, दगडाकडं तोंड करून राहिला. दिवस बुडून गेला होता. दगडाच्या वर, किल्ल्याच्या पलीकडं, आभाळ लाल दिसलं. फिकं. उभ्या रेघांसारखं. वाळूजच्या कंपन्यांचा उजेड असंल म्हणलं.

वाळूज दक्षिणेला हाय. हे उत्तरेला होतं.

हातावरचे केस उभे. कुत्रं खालून एकदाच भुंकलं. मी मोठ्यानं म्हणलं, "सोन्या, जेवायला ये." का म्हणलं देव जाणे. तो पोर असताना असंच ओरडायचे.

डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तेच असंल.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

सोनाजी देवात बसला! बापाच्या शेजारी. सोनारानं घोड्यावर बसवलाय. आयुष्यात घोड्यावर नाय बसला, मेंढरांमागं चालत गेला. असू दे, तिथं तरी पाय दुखणार नाय.

भरीत-रोडग्याचा नैवेद्य अंबिकेच्या हातचा. कडुबाच्या बायकोनं तिच्या तोंडाकडं बघून मागून घेतला. भंडारा एवढा उधळला की दिवे पिवळे दिसत होते.

कुऱ्हाड आज उंबऱ्याच्या आत.

८ डिसेंबर

सुई लावली. ओढली. टाक बसला तरी हाय. सवय मोडत नाय माझी.

११ डिसेंबर

अंबिका बाजाराला गेली ती उशिरा आली. पिशवीतून कुऱ्हाड काढली. पातं निळं-काळं, धार चकचकीत. घिसाड्याकडून तापवून आणली.

मी म्हणलं, "हे काय केलंस गं?"

"बोथट झाली होती, आत्याबाई."

तिनं माझ्या हातात सुई दिली. लावली.

पडली.